परतीची तार

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेला लागलं की अर्धापूरच्या केळीबागा मागे पडतात आणि वारंगा फाटा यायच्या आत डोंगरकडा लागतं. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की या रस्त्यावर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर अंगाबाहेर आलेला ऊस, आणि मागे लाल दिव्याच्या नावाने बहुधा एखादं मातीने माखलेलं रिफ्लेक्टर. ताशी ६० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. तिच्या हेडलाइटचा उजेड पिवळट असेल, तर ट्रॉली दिसणं आणि ब्रेकवर पाय जाणं यांत जो वेळ लागतो, तेवढ्यात अंतर संपलेलं असतं. जुन्या गाडीच्या वायरिंगवर मराठीत एक पुस्तिका असावी असं वाटलं ते या रस्त्यामुळे.

मुंबई-पुण्यात जुनी गाडी म्हटलं की रविवारची रॅली, चकचकीत क्रोम आणि हौस आठवते. इकडे जुनी गाडी म्हणजे रोज कामाला जुंपलेली गाडी. वारंग्यापर्यंत सीट भरून जाणारी काळी-पिवळी जीप, कुणाची ट्रॅक्स, कुणाची कमांडर, लग्नसराईत बाहेर निघणारी अँबेसेडर, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादी मारुती ८००. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला आणि त्याच्या गाड्यांना एमएच ३८ क्रमांक मिळाला. त्यामुळे डोंगरकड्यात कुणाच्या दारात परभणीच्या २२ नंबरची गाडी उभी असली, तर ती बहुधा जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी असते, नाहीतर परभणीहून विकत आणलेली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट चालू असावे लागतात. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी वायरिंगवाल्याकडे उभी करायची, सगळे दिवे कसेबसे पेटवून घ्यायचे आणि कागद हातात पडला की विसरून जायचं, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे.

यातल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्रातच जन्मल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिचीच पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. मराठवाड्यात अशाच काही पद्मिनी अजून गोठ्याशेजारी उभ्या आहेत, त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही, कारण त्या अजून चालतात. महिंद्राची जीप मुंबईची, ट्रॅक्सची कंपनी पुण्याजवळच्या आकुर्डीची. अँबेसेडर बंगालची आणि मारुती गुडगावची, पण त्याही इथल्या हातांनी इतक्यांदा उघडल्या आणि मिटल्या आहेत की त्यांना परक्या म्हणवत नाही.

या गाड्यांना कॉम्प्युटर नाही. सेन्सर नाहीत. बॅटरी, डायनामो किंवा अल्टरनेटर, एक फ्यूज बॉक्स, काही स्विच, काही रिले आणि दिवे, एवढाच सगळा संसार. त्यामुळे हातात साधा टेस्ट लॅम्प असलेला माणूस लिंबाच्या झाडाखाली बसून यातला कुठलाही दोष शोधू शकतो. तरीही सगळ्यांत जास्त पैसे फुकट जातात ते याच गाड्यांवर. दिवा पेटत नाही, बल्ब बदला. तरी पेटत नाही, होल्डर बदला. मग स्विच, मग रिले, मग फ्लॅशर. शेवटी ‘पूर्ण वायरिंग नवीन करावं लागेल’ असा निकाल येतो आणि जुनी, कंपनीची, मापात बसलेली वायरिंग उपटून फेकली जाते. जे पेटत नाही ते बिघडलं आहे, असं धरून चालण्याची ही सवय. प्रत्यक्षात जुन्या गाडीत पेटणारी वस्तू क्वचितच दोषी असते. दोष असतो वाटेत, आणि त्यातही करंट परत येण्याच्या वाटेत.

घरच्या वायरिंगमध्ये करंट जायला एक तार आणि यायला दुसरी. मोटारगाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बपर्यंत तार येते, पण बल्बपासून निगेटिव्हपर्यंत परत जायला तार बहुतेक ठिकाणी नसते. करंट होल्डरमधून पत्र्यात उतरतो, पत्र्यातून चासीत, चासीतून निगेटिव्ह केबलने बॅटरीत. याला आपले मेकॅनिक अर्थ म्हणतात, बॉडी अर्थ म्हणतात. म्हणजे गाडीचं निम्मं वायरिंग हे लोखंडाचं आहे, आणि लोखंड गंजतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा मागच्या चाकांनी उडून टेललाइटच्या पाठीवर बसतो, वाळतो, पुन्हा भिजतो. तीन-चार पावसाळ्यांत होल्डर आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा थर येतो आणि परतीची वाट अरुंद होते. गाडी डेंटिंग-पेंटिंग करून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या लाइटी गेल्या, ही तक्रार तर इतकी नेहमीची आहे की पेंटरला आणि वायरिंगवाल्याला एकमेकांशी भांडताना पाहिलं नाही असं गॅरेज सापडणार नाही. त्यात पेंटरचा गुन्हा एवढाच की त्याने अर्थच्या स्क्रूखालीही मनापासून रंग मारलेला असतो. स्क्रू काढा, खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, स्क्रू आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. बल्बच्या किमतीइतकाही खर्च येत नाही.

परतीची वाट अडली की दिवे वेड्यासारखे वागू लागतात, आणि या वेडात पद्धत असते. संध्याकाळी पार्किंग लाइट बंद ठेवून एखाद्या जुन्या जीपच्या मागे उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. डावीकडचा दिवा लख्ख लाल होतो. उजवीकडचा नुसता मिणमिणतो, आणि नंबरप्लेटचा दिवाही त्याच्याबरोबर मंद पेटतो. कारण असं: त्या काचेमागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पार्किंगची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची, आणि दोघींचा परतीचा मार्ग एकच, बल्बच्या पितळी बुडाभोवतीचं टोपण. त्या टोपणाला पत्रा धड लागत नसेल, तर ब्रेकच्या तारेतून आलेल्या करंटला खाली उतरायला जागा मिळत नाही. मग तो ५ वॅटच्या तारेतून उलटा वर चढतो, पार्किंगच्या वायरीत घुसतो आणि नंबरप्लेटच्या दिव्याच्या किंवा पुढच्या पार्किंग लाइटच्या अर्थमधून घरी जातो. करंट कुठून तरी परत जाणारच. आपण रस्ता दिला नाही तर तो दुसऱ्याच्या शेतातून जातो. अशा वेळी एक जाड वायर घ्यायची, एक टोक उजव्या दिव्याच्या होल्डरला धरायचं, दुसरं चासीच्या खरवडलेल्या, मोकळ्या जागेला. दिवा सुधारला की निदान झालं. स्विच, बल्ब, रिले यांना हात लावायची गरज उरत नाही.

याच जातीचा एक दोष इंजिनापाशी असतो. इंजिन रबरी पॅकिंगवर बसलेलं असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. क्लच-गिअरबॉक्सचं काम करताना ती काढतात आणि परत लावायची राहून जाते. सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर लागतात. पट्टी नसेल तर तो करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ कण्हतो, आणि चोकची केबल हात लावता येत नाही इतकी तापते. सेल्फ जड आहे म्हणून आर्मेचर भरून आणलेल्या कितीतरी गाड्यांना फक्त ही पट्टी हवी असते.

आता मोजण्याबद्दल, कारण या पुस्तिकेचा जीव त्यात आहे. घरचा निऑनचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही, तो इथे निरुपयोगी. डिजिटल मल्टीमीटर आता स्वस्त झाला आहे आणि बऱ्याच तरुण पोरांकडे असतो, पण तो फसवतो. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरच्या पिना लावल्या की तो आरामात १२.४ दाखवतो. मग निष्कर्ष निघतो की सप्लाय ठीक आहे, बल्बच खराब. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. अठ्ठावीस तारांच्या वायरीतल्या सत्तावीस तुटल्या असल्या आणि एकच शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार. हेडलाइटच्या बल्बला मात्र पाचेक अँपिअर हवे असतात. म्हणून मोजायचं ते बल्ब जागेवर असताना, स्विच चालू ठेवून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं बल्बच्या टोपणावर. परतीची वाट चांगली असेल तर मीटर ०.१ च्या आसपास, फार तर ०.२ दाखवील. एक किंवा दोन दाखवला तर तेवढे व्होल्ट वाटेत जळत आहेत. मग टोक होल्डरवर, मग पत्र्यावर, मग चासीवर, मग निगेटिव्ह केबलच्या लगवर असं सरकवत जायचं. आकडा जिथे एकदम खाली पडतो, त्या दोन जागांच्या मध्ये दोष बसलेला असतो. जायच्या वाटेसाठी हेच पॉझिटिव्हकडून करायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यात काहीही विकत आणावं लागत नाही. बहुधा म्हणूनच ते कुणी करत नाही.

हेडलाइटच्या बाबतीत हे आकडे फार क्रूर असतात. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. डिपरच्या ५५ वॅटच्या दोन बल्बांना मिळून नऊ अँपिअरपेक्षा थोडे जास्त लागतात. जुन्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, स्टीअरिंगखालच्या डिपर स्विचमधून पुन्हा बोनेटखाली येतो. वाटेत एखादा जोड नुसता टेप गुंडाळून केलेला असेल आणि त्याचा अडथळा एक दशांश ओहम असेल, तर तिथे जवळजवळ एक व्होल्ट संपतो आणि साडेआठ वॅट उष्णता तयार होते. म्हणून तो जोड गरम लागतो, टेप वितळतो, शेजारच्या वायरीचं कातडं तडकतं. उजेड चिमणीसारखा पडला की मालक १००/९० वॅटचे बल्ब आणतो. आता नऊऐवजी पंधरा अँपिअर त्याच जोडातून जातात, उष्णता अडीचपटीहून जास्त होते, पहिल्या महिन्यात डिपर स्विच जळतो. कायद्याला ते बल्ब मान्य नाहीत हा भाग वेगळाच. योग्य उपाय जुना आणि साधा आहे: दोन रिले, बॅटरीपासून सरळ आलेली २८/०.३० ची वायर, म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या २८ तारांची, वाटेत एक फ्यूज, आणि दोन्ही हेडलाइटना चांगला अर्थ. स्विचने आता फक्त रिले चालवायचा. मूळचे ५५-६० वॅटचेच बल्ब असे काही पेटतात की समोरून येणारा डिपर मारतो.

एलईडीचं वेड मला इथे नको आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात एलईडीचा कांडा खोचला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत सांडतो. अरुंद रस्त्यावर हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

फ्यूजबद्दल आपल्याकडे एक वेगळंच तत्त्वज्ञान आहे. फियाट-पद्मिनीच्या फ्यूज बॉक्समध्ये दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीच्या अंगावरून पट्टी गेलेले आठ अँपिअरचे फ्यूज असतात, स्प्रिंगच्या दोन पात्यांमध्ये अडकवलेले. कितीदा तरी फ्यूज शाबूत असतो आणि पात्यांवर बुरशी आलेली असते. बोटाने तो जागच्या जागी दोन वेळा फिरवला की डॅशबोर्डवरचा दिवा जिवंत होतो. हे पद्मिनीवाल्यांना ठाऊक असतं. जे ठाऊक असूनही केलं जातं ते म्हणजे जळलेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळणं किंवा वायरीतल्या तारा पिळून घालणं. ०.३० मिलिमीटरची तांब्याची एकच तार साधारण १३ अँपिअरला वितळते. अशा तीन पिळल्या की तो फ्यूज राहत नाही, आणि पुढच्या शॉर्टमध्ये वितळायचं काम वायरिंगकडे जातं. डॅशबोर्डमधून धूर आला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

शॉर्ट शोधायची मला सगळ्यांत आवडणारी युक्ती फ्यूजच्याच जागी आहे. जळलेला फ्यूज काढून दोन वायरी लावलेला एक २१ वॅटचा बल्ब त्याच्या दोन पात्यांना जोडायचा. कुठेतरी वायर पत्र्याला लागलेली असेल तर हा बल्ब लख्ख पेटतो, आणि त्याच्यातून जाऊन जाऊन दोनच अँपिअर जात असल्यामुळे काहीही जळत नाही. आता घाई न करता त्या लाइनवरच्या वस्तू एकेक सोडवत जायचं: हॉर्न, वायपर, ब्रेकलाइट. मग वायरिंगचा जुडगा जागोजागी हलवायचा. बोनेटच्या भिंतीतून तो जातो त्या भोकापाशी, दाराच्या बिजागरीपाशी, डिक्कीच्या कडेला. भोकातला रबर ग्रोमेट गेलेला असतो आणि पत्र्याची धार वर्षानुवर्षं वायरीला घासत असते. जिथे हात लावल्यावर बल्ब मंदावला किंवा विझला, तिथे थांबायचं. एकही फ्यूज वाया न घालवता दोष सापडतो.

चार्जिंगचा विषय लांबलचक आहे आणि त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे दोनच गोष्टी. डायनामोच्या गाडीत इंजिन मंद असताना दिवे थोडे पिवळे पडणं आणि रेस केल्यावर उजळणं हा दोष नाही, तो डायनामोचा स्वभाव आहे. अल्टरनेटरच्या गाडीत तो स्वभाव नाही; तिथे बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर शोध घ्यायला हवा. दुसरी गोष्ट रागाने सांगावी लागते. चालू गाडीची बॅटरीची केबल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ असं म्हणत चार्जिंग तपासण्याची पद्धत अजून फाट्या-फाट्यावर चालते. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये केबल निघाली त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि आतले डायोड, रेग्युलेटर जाऊ शकतात. तपासणी व्हायच्या आधी धडधाकट असलेला अल्टरनेटर तपासणीत मरतो, आणि मेकॅनिक म्हणतो, बघा, म्हटलं होतं ना.

तरी या मेकॅनिक मंडळींना मी नावं ठेवतोय असं कुणी समजू नये. ज्यांच्या हाती कधी कंपनीचा वायरिंगचा नकाशा पडला नाही, त्यांनी केवळ बोटांच्या स्मरणावर या गाड्या चालत्या ठेवल्या आहेत. लुकासच्या पद्धतीच्या जुन्या गाड्यांत रंगांना अर्थ असे: तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. फियाटचे रंग वेगळे. पण तीस-चाळीस वर्षांत प्रत्येक गाडीत दुकानात जो रंग शिल्लक होता तो घातला गेला, कधी तर मोटारीच्या बहुतारी वायरीऐवजी घरच्या फिटिंगची एकतारी वायर, जी हादऱ्यांनी हमखास तुटते. तेव्हा नकाशा जवळ असला तरी रंगावर विसंबून कुठलीही वायर तोडू नये. आधी टेस्ट लॅम्प लावून बघावा. चांगला वायरिंगवाला हे न सांगता करतो. नवी जोडलेली प्रत्येक वायर कुठून कुठे गेली हे डायरीत लिहून ठेवणारा वायरिंगवाला भेटला, तर त्याला सोडू नये.

ही पुस्तिका कार्बुरेटरच्या आणि पॉइंट-कॉइलच्या गाड्यांपुरती आहे, आणि जुन्या डिझेल जीप-ट्रॅक्सपुरती. २००० नंतर आलेल्या इंजेक्शनच्या, कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांना यातल्या काही युक्त्या घातक ठरतील. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींजवळ टेस्ट लॅम्प नेऊच नये. साहित्यात टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, सँडपेपर, चांगला क्रिम्पिंग चिमटा, तांब्याचे लग आणि दोन मीटर जाड वायर एवढं पुरे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह प्रथम काढावा, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत मात्र पॉझिटिव्हच बॉडीला जोडलेला असतो, तिथे आधी पॉझिटिव्ह काढायचा. म्हणून बोनेट उघडल्यावर पहिल्यांदा कुठली केबल चासीला गेली आहे ते बघावं. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं, आणि टेललाइटचं तिसरं प्रकरण साखर कारखाने सुरू होण्याआधी वाचून घेतलेलं बरं.